दुचाकीचा हॉर्न : केव्हा, कसा आणि किती

अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर सायंकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तरी हॉर्नचा आवाज थांबत नाही. त्याहून लक्षणीय बाब म्हणजे तो ऐकून कुणी वळूनही पाहत नाही. सतत वाजणाऱ्या हॉर्नची कानाला सवय होते आणि खरोखर गरज असते त्या क्षणी तो निरुपयोगी ठरतो. दुचाकीस्वारासाठी ही बाब गंभीर आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. मोटारीभोवती निदान पत्र्याचे कवच तरी असते. दुचाकीस्वाराला मात्र आपले अस्तित्व इतरांच्या वेळीच लक्षात आणून द्यावे लागते.

बचावात्मक वाहनचालनात हॉर्न हे सूचनेचे साधन मानले जाते. ‘मी येथे आहे’ एवढाच त्याचा अर्थ. ‘बाजूला हो’ हा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आणि तेथेच गफलत झाली. हॉर्न वाजला म्हणून समोरच्याने तो ऐकला असे गृहीत धरता येत नाही आणि ऐकला म्हणून तो थांबेलच असेही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर कापते. हॉर्न देऊन प्रतिसादाची वाट पाहण्यात दोन सेकंद गेले, तर तेहतीस मीटर संपलेले असतात. म्हणून अंगठा हॉर्नच्या बटणावर जाताच उजव्या हाताने ॲक्सिलरेटर सोडलेला असावा आणि बोटे ब्रेकवर असावीत. हॉर्नचे बटण डाव्या मुठीजवळ असल्याने ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. अनेकांना ही सवय नसते, कारण हॉर्न देताच वेग वाढवण्याचीच सवय अंगवळणी पडलेली असते.

शहरात हॉर्न हलका आणि आखूड असावा. उभ्या ऑटोरिक्षाचे किंवा मोटारीचे दार उघडण्याची शक्यता दिसली, पार्किंगमधून एखादे वाहन मागे येऊ लागले, मोबाइलवर बोलणारा पादचारी रस्त्यावर उतरला, तर एकदाच आणि वेळेआधी द्यावा. सिग्नल हिरवा होताच मागून वाजवल्या जाणाऱ्या हॉर्नने मात्र कुणीच लवकर पोहोचत नाही.

महामार्गावरची गोष्ट वेगळी. अमरावती-अकोला मार्ग हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरच्या एका पदरीचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन गिनेस बुकात विक्रमाची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो आणि इतरांना सावध होण्यास मिळणारा वेळ तेवढाच कमी होतो. ट्रकला ओलांडताना त्याच्या उजव्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, असे समजावे. इंजिनाच्या घरघरीत दुचाकीचा बारीक हॉर्न त्याच्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. चालकांसाठी ती आवश्यकच होती. पण बंद काचांआड बाहेरचा आवाज आणखी क्षीण होणार, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अशा वेळी हॉर्नच्या जोडीला हेडलाइटचा पासिंग स्विच वापरावा. रात्री तर प्रकाशाचा इशाराच अधिक उपयोगी पडतो.

वऱ्हाडातल्या रस्त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पांदण रस्ते. पावसाळ्याच्या शेवटी तूर पुरुषभर उंच वाढते आणि शेतातून मुख्य रस्त्याला मिळणारी पांदण शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथून ट्रॅक्टर, बंडी किंवा गुरे अचानक समोर येतात. अशा ठिकाणी वेग कमी करून दुरूनच हॉर्न द्यावा. बंडीच्या अगदी मागे जाऊन मात्र तो कधीही वाजवू नये. बैल बुजले की बंडी कोणत्या बाजूला जाईल हे गाडीवानालाही सांगता येत नाही. दुरून एकदा सूचना द्यावी, गाडीवानाने हात केल्यावरच मोठे अंतर ठेवून पुढे जावे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात हॉर्नचा खरा उपयोग कळतो. पुढचे न दिसणाऱ्या वळणाआधी एक आखूड हॉर्न द्यावा, क्षणभर उत्तर येते का ते ऐकावे आणि डावी बाजू सोडू नये. चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य हा नियम तिथे पाळावाच लागतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाताना मात्र हॉर्न टाळणे अपेक्षित असते. तेथे शांततेची भरपाई कमी वेगाने करावी.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार प्रत्येक वाहनाला हॉर्न आवश्यक आहे. मात्र एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे किंवा कर्कश हॉर्न बसवता येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-एफ नुसार विनाकारण, सतत किंवा सुरक्षेच्या गरजेपेक्षा अधिक हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा गुन्हा घडल्यास दोन हजार रुपये दंड आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालयांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेथे, तसेच निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत हॉर्नला मनाई आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही ट्रकमागची जुनी ओळही महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद करण्यात आली. ती वाचून हॉर्न वाजवणाऱ्यांची सवय मात्र अजून गेलेली नाही.

एवढे सारे सांगून झाल्यावर हॉर्न चालू स्थितीत आहे का, हा प्रश्न उरतोच. बहुतेक दुचाकींचा हॉर्न समोरच्या बाजूला असल्याने चिखल आणि पावसाचे पाणी थेट त्यावर येते. आवाज घोगरा झाला असेल, तर मेकॅनिक बहुधा त्याचा स्क्रू फिरवून तो सुधारून देतो. हॉर्न दाबताच इंडिकेटर किंवा दिवा मंद होत असेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतल्यानंतर वॉशिंग सेंटरच्या दारातच एकदा बटण दाबून पाहावे. भर रस्त्यात तो मुका झाल्याचे कळण्यापेक्षा ते बरे.