मॅकरोनी आणि मिरची

गोंदियालगतच्या फुलचूर गावीं, भाताच्या मुलुखांत, सुनेनें चीज घालून भाजलेली तिखट मॅकरोनी पानांत वाढली, तर वडील मंडळी मॅकरोनीस परकी म्हणतील आणि तींतील मिरचीस आपली. इतिहासाचा निवाडा निराळा आहे.

मॅकरोनी इटलीची खरी. तरी गव्हाच्या शेवया तिच्या नात्यांतल्याच. इ. स. १७६९ मध्यें एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईनें आपल्या पाकशास्त्रांत कृति दिली: मॅकरोनी उकडून निथळावी, साय व पिठांत घोळलेलें लोणी घालून पांच मिनिटें शिजवावी, वर भाजलेलें पार्मेसान चीज पसरावें. तींत तिखटाचें नांव नाहीं.

तिखट मूळचें अमेरिकेचें. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचला. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि त्याच शतकांत त्यांच्या गलबतांतून मिरची हिंदुस्थानांत उतरली. तत्पूर्वीं आपला स्वयंपाक मिरीं, पिंपळी व आलें यांवर चाले. ‘मिरची’ हें नांवही मिऱ्यांवरूनच पडलें. पुढें १८६८ च्या सुमारास लुइझियानांत एडमंड मॅकिलेनी यानें मिरची, मीठ व शिरका यांचा सॉस करण्यास आरंभ केला. तशाच सॉसनें आजची मॅकरोनी तिखट होते.

मॅकरोनीस नांवें ठेवण्यापूर्वीं वडील मंडळींनीं घरांतला तिखटाचा डबा उघडून पाहावा. तेंही एकदां असेंच परकें होतें, आणि कोणा सुनेनेंच तें प्रथम भाजींत घातलें असावें.