उजवी सीट रिकामी

सोमवार, २५ जुलै २०२२. आषाढ सरत आला आहे. बारामतीच्या विमानतळावर तुम्ही एका सेसना १५२ मध्ये चढता. दोन सीट, एक इंजिन, ११० अश्वशक्ती. डावीकडे वैमानिक होऊ पाहणारी तरुणी बसली आहे. उजवी सीट इन्स्ट्रक्टरची; पण आजचं उड्डाण सोलो क्रॉस-कंट्री, म्हणून ती रिकामी. तिथे बसा. तुम्ही तिला दिसणार नाही, तुमचा शब्दही तिला ऐकू जाणार नाही.

थ्रॉटल पूर्ण आत जातो. धावपट्टी मागे पळू लागते. वेगाचा काटा ५० नॉटवर आला की या विमानाचं नाक अलगद उचलायचं असतं. चाकांची घरघर थांबते. हा सगळ्यात नाजूक टप्पा: उंची नाही, वेगही बेताचा. इथे इंजिन बंद पडलं तर मागे वळायचं नाही, समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचं. घाईच्या वळणात वेग घटतो आणि पंख विमानाला पेलेनासे होतात.

उंची मिळाली की थोडी सवड मिळते. इंजिन गेलं तरी ६० नॉटचा वेग सांभाळला, तर हजार फुटांमागे साधारण दीड मिनिट हाती असतं. तेवढ्यात शेत निवडायचं, इंधन तपासायचं, ‘मेडे’ हा संकटाचा संदेश पुकारायचा. शेजारी विचारायला कुणी नसतं.

आता काळ जरा पुढे सरकवा. बारामतीपासून १५ सागरी मैलांवर, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात उभे राहा. साडेअकराचा सुमार. ते विमान शेतात कोसळतं. गावकरी धावतात. तरुणी जखमी आहे, पण वाचली आहे.

आणखी पुढे या. ऑक्टोबर २०२३: १९ आणि २२ तारखेला बारामतीच्याच परिसरात आणखी दोन प्रशिक्षण विमानं पडतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) ही दोन विमानं ज्या संस्थेची, तिचं प्रशिक्षण थांबवतं.

व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. नवखेपणा हा गुन्हा नव्हे; तो याच तासांत ओसरतो. म्हणूनच शिकाऊ वैमानिकाला एकटं पाठवणाऱ्यांनी विमान, हवामान आणि तिची तयारी तपासताना कसलीही घाई करता कामा नये. उजवी सीट रिकामी ठेवण्याचा निर्णय तिचा नसतो, त्यांचा असतो.