किल्ल्याच्या चिखलाची कुळकथा

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की पुणे जिल्ह्यातल्या पोरांची घरात पहिली मागणी असते ती पोत्याची. जुनं, विरलेलं चालेल, पण गोणपाटाचंच हवं. युरियाच्या प्लॅस्टिक पिशवीवर चिखल ठरत नाही, गोणपाट मात्र चिखल पितं. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटांची रास रचायची, पातळ चिखलात बुडवलेलं पोतं तिच्यावर टाकायचं, बोटांनी दाबून घड्यांच्या सोंडा आणि घळी करायच्या, मग वरून घट्ट चिखलाचा हात फिरवायचा. दिवाळीचा किल्ला म्हणजे आधी हा डोंगर. बुरूज, दरवाजे, मावळे हे सगळे नंतर येतात. त्यांना उभं राहायला जमीन लागते आणि ती जमीन करण्याची विद्या घरात, शेतात, देव्हाऱ्यात आधीपासून होतीच.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, वरकुट्यासारख्या गावात, ही विद्या जास्तच कसाला लागते. शिवनेरी, लोहगड, राजगड जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या अंगाला. इकडे भीमा-नीरेचं कमी पावसाचं सपाट खोरं आणि पायाखाली काळी माती. ज्वारी-उसाला मानवणारी ही माती किल्ल्याला अवघड जाते. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. वसुबारसेला गुळगुळीत दिसणारा कडा पाडव्यापर्यंत भेगाळतो.

त्यावर उपाय आहे गव्हाच्या भुशाचा आणि शेणाचा. भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात, त्यामुळे एक मोठी भेग पडण्याऐवजी आकसण्याचा ताण सगळीकडे थोडाथोडा वाटला जातो. चाळलेला मुरूम मिसळला तर आकसणंच कमी होतं आणि डोंगराला खरा खडबडीतपणाही येतो.

हा उपाय घराच्या भिंतीवरून अंगणात उतरला. गावगाड्यात शेतजमिनीला काळी म्हणत आणि गावठाणाला पांढरी. काळी पिकवायची, पांढरी बांधायची. पांढरीच्या मातीत भुसा घालून, पाणी मारून, पायांनी तुडवून ती मुरत ठेवायची आणि मग भिंती घालायच्या, धाबी लिंपायची, अशी रीत होती. गावोगावच्या गढ्याही अशाच उठल्या, खाली दगडी जोतं आणि वर मातीचा जाड तट. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे, बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. या मुलखाचे किल्ले असे भुईवरचे. पोरं डोंगर रचतात तेव्हा त्यांच्या हाताखालचं मिश्रण मात्र आजा-पणज्याच्या भिंतीचंच असतं.

डोंगर झाला, आता हिरवळ. तिचं कूळ नवरात्रात सापडतं. घटस्थापनेला शेतातली माती आणून पत्रावळीवर किंवा टोपलीत पसरतात, तिच्यात धान्य पेरतात, मधोमध घट ठेवतात. दसऱ्याला उगवलेले पिवळसर तुरे टोपीत खोवायचे, अशी अनेक गावांतली रीत. त्यानंतर वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन येतं आणि तीच पेरणी किल्ल्यावर होते. फरक एवढाच, की इथे जमीन उताराची असते. मोहरी गोल असल्याने घरंगळते, गहू पायथ्याशी गोळा होतो. उभ्या कड्यावर टिकतं ते अळीव. भिजवलं की त्याच्या दाण्याभोवती बुळबुळीत चिकट थर धरतो आणि दाणा जिथे टाकाल तिथे चिकटून बसतो. दोन-तीन दिवसांत त्याला मोड येतात, आठवड्याच्या आत कडा हिरवागार होतो. बारीक पानांचं हे रान छोट्या मावळ्याच्या शेजारी मापात शोभतं. गव्हाचं पातं मात्र बुरुजाच्याही वर जातं.

पायथ्याच्या वस्तीचंही नातं दारातच आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दिवाळीला शेणाच्या गवळणी घालतात. त्यात दही घुसळणारी गवळण असते, गुरं आणि गोठा असतो, वर झेंडूची फुलं खोवलेली असतात. एका अंगणात आजीचं गोकुळ आणि नातवाचा गड शेजारी-शेजारी उभे राहतात.

जगात इतरांनीही अशी जमीन केली, पण ती आधी युद्धासाठी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री लूव्वा याने 1668 पासून तटबंदीच्या शहरांचे नमुने करून घ्यायला सुरुवात केली. त्यांतले पुष्कळसे 1:600 मापाचे होते. लाकडी पायावर कागद आणि वाळू, आणि शेतं-कुरणांसाठी रंगवलेल्या रेशमाचे बारीक कण, अशी त्यांची घडण होती. पॅरिसच्या आँव्हालिद वास्तूत त्यांचं संग्रहालय आहे. पुढे खेळण्यातल्या रेल्वेचा छंद वाढला तेव्हा हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा गवत म्हणून आला. आता नायलॉनचे बारीक धागे विजेच्या भाराने डिंकावर उभे करतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे रूळ, सिग्नल, पूल आणि वस्ती यांचं अख्खं छोटं शहर पाहता येतं. या सगळ्या कारागिरीत हिरवळ चिकटवलेली असते. आपल्या किल्ल्यावर ती उगवते, तिला रोज पाणी घालावं लागतं, आणि किल्ला चार दिवस राखण्याची सवय पोरांना लागते ती त्यामुळेच.

आता बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात. ते घरी आणून मांडले की काम संपतं. पण त्यात पोरांच्या हाताला काही शिकायला मिळत नाही, आणि दिवाळी सरल्यावर प्लॅस्टर मातीत मिसळतही नाही. चिखलाचा किल्ला पहिल्या पावसात विरघळतो किंवा घमेल्यातून परसातल्या वाफ्यात जातो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे पुणे जिल्ह्याचे तीन आहेत. त्यांच्या प्रतिकृती पुढची अनेक वर्षं अंगणांत होत राहतील. इंदापूर-बारामतीच्या शाळांनी आणि मंडळांनी किल्ल्यांच्या स्पर्धा घ्याव्यात आणि त्यांत दोन अटी ठेवाव्यात, माती गावचीच हवी आणि हिरवळ पेरलेलीच हवी. आणि रायगड-प्रतापगडाच्या जोडीला मालोजीराजांची गढी करणाऱ्या पोरांसाठीही एक बक्षीस राखून ठेवावं.