पंचाण्णव टक्क्यांचा कायदा

कारखान्यांच्या धुराला वेसण घालायचा विषय विधिमंडळात निघाला की पहिला सवाल ठरलेला असतो: धंदा बुडाला तर काय? हा सवाल निदान १८६२ इतका जुना आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये माजी पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांनी सोडा कारखान्यांच्या वायूची चौकशी करायला समिती मागितली. त्यांची नोस्लीची जहागीर लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सच्या शेजारीच होती, तेव्हा ही कळकळ निव्वळ परोपकाराची नव्हती. साबण, काच आणि कापडाच्या धंद्याला लागणारा सोडा तेव्हा लब्लांक पद्धतीने होई. मिठावर गंधकाम्ल ओतायचे आणि सुटणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यातून सोडून द्यायचा. झाडे वठत, पिके करपत. दावा लावावा तर इतक्या धुराड्यांतल्या नेमक्या कोणत्या धुराड्याने आपले पीक जाळले हे शेतकऱ्याने सिद्ध कसे करायचे?

१८६३च्या अल्कली कायद्याने हा पेच सोडवला तो एका आकड्याने. निदान ९५ टक्के आम्लवायू कारखान्यातच पकडायचा. पीक कोणी जाळले हा प्रश्नच उरला नाही. तपासणीही गावच्या पंचांकडे न ठेवता लंडनहून नेमलेल्या निरीक्षकाकडे दिली, कारण गावात वजन कारखानदारांचेच. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ होते. पहिल्याच वर्षी सरासरी गळती दीड टक्क्याच्याही खाली आली. यावर कोणी म्हणेल, पकडलेल्या आम्लापासून ब्लीचिंग पावडर होऊ लागली, मालकांना नफा दिसला, कायद्याचे त्यात काय कौतुक? नफा खरा आहे. पुढे स्वस्त सॉल्व्हे पद्धत आली तेव्हा लब्लांकवाले बरीच वर्षे तगले ते या पावडरीवरच. पण कोकवरून पाणी सोडून वायू विरघळवणारा विल्यम गॉसेज यांचा मनोरा १८३६पासून उपलब्ध होता. सत्तावीस वर्षे नुसत्या बाजाराच्या भरवशावर सगळी धुराडी काही आवरली गेली नाहीत.

मात्र ज्या आकड्याने कायदा तारला त्यातच त्याची खोट होती. टक्केवारी ही मर्यादा नव्हे. उत्पादन दुप्पट झाले की मोकळे सुटणारे पाच टक्केही दुप्पट होतात, आणि कायदा तंतोतंत पाळूनही हवा बिघडत जाते. शिवाय कोळशाचा धूर आणि गंधकाचे वायू यांना या कायद्याने हातच लावला नव्हता. कदाचित म्हणूनच तो इतक्या सहज मंजूर झाला. १८७४च्या दुरुस्तीने धुराड्यातून निघणाऱ्या दर घनफूट वायूत आम्ल ०.२ ग्रेनच्या वर नको असे बंधन घातले. पण धुराडी किती असावीत यावर बंधन आलेच नाही, आणि माझ्या मते ती कायदा करणाऱ्यांची खरी चूक. भारतात ऑक्टोबर २०२५मध्ये सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली उद्योगांना हरितगृह वायूंची जी लक्ष्ये ठरवून दिली, तीही एकूण उत्सर्जनावर नाहीत; दर टन मालामागे आहेत.