रुकैया आणि शाळेची बंद मोटार

उन्हावर शिजणारे अन्न, ढगांतून थेट खाली उतरवलेले पाणी आणि चक्क पडद्याआड बसलेले पुरुष! बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत असा देश रंगवला. स्वतः त्या शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. इंग्रजी थोरल्या भावाने शिकवले. १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुली घेऊन त्यांनी शाळा काढली आणि खरी कसोटी तिथे लागली. पडद्यासाठी शाळेची मोटार इतकी बंदिस्त केली की मुली आत बेशुद्ध पडू लागल्या. मग झडपा उघडून कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रे आली. लिहिणारे कोण, तर आपलेच दीनी भाऊ! हा किस्सा त्यांनी ‘अवरोधबासिनी’त लिहून ठेवला. शाळा चालूच राहिली.