एका मार्काची कादंबरी

स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. मराठीतली पहिली कादंबरी कोणती? उत्तर : ‘यमुनापर्यटन’, बाबा पद्मनजी, १८५७. एक मार्क खिशात, चला पुढे. मी नांदगावची. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत कुणीतरी भरतीची तयारी करत असतं, त्यामुळे हे उत्तर पाठ असणारे मला डझनांनी भेटलेत. पुस्तक वाचलेलं एकही नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतसुद्धा नाही, आणि बाबा पद्मनजी तर आमच्यातलेच.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुस्तकं कमी नसतात. दर आठवड्याला पीडीएफ येते. चाळीस दिवसांत आयुष्याचा हेतू शोधा, प्रार्थनेने कर्जमुक्त व्हा, आशीर्वादाची सात पावलं. जवळजवळ सगळी अमेरिकेतून निघून मराठीत उतरलेली. नांदगाव-मनमाड अप-डाऊनमध्ये मी ती वाचते. काही बरी असतात. पण त्यांतल्या माणसांना कांद्याचा भाव माहीत नसतो, जात माहीत नसते, पाण्याचा टँकर माहीत नसतो. देवाने त्यांना पार्किंगची जागा मिळवून दिलेली असते. मग मला प्रश्न पडला की मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या मातीतलं काय वाचलं आणि काय लिहिलं? म्हणून त्या एका मार्काच्या पुस्तकापासून सुरुवात केली.

बाबा पद्मनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ आलं, म्हणजे लेखक पंचवीस-सव्वीस वर्षांचा. आधीच्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायदा झाला तरी घराघरातली न्हाव्याची वस्तरा-धोपटी काही गेली नव्हती. यमुना ही मिशनच्या शिक्षणाने शहाणी झालेली मुलगी नवऱ्याबरोबर, विनायकरावाबरोबर, प्रवासाला निघते आणि वाटेत तिला एकेक विधवा भेटते. प्रत्येकीची कथा वेगळी, छळ तोच. शेवटी विनायकरावही जातो, यमुनेवरच ती वेळ येते. ती ख्रिस्ती होते आणि तिचं पुन्हा लग्न होतं.

कादंबरी म्हणून माझं मत विचाराल तर यमुना मला दिसत नाही. ती कशी हसते, तिला राग कशाचा येतो, जेवताना काय आवडतं, काही कळत नाही. ती कंदिलासारखी आहे. लेखक तिला हातात धरून एकेका घरात नेतो आणि आत उजेड पाडतो. पण त्या उजेडात ज्या बाया दिसतात त्या मात्र खऱ्या आहेत, आणि १८५७ साली त्यांना पुस्तकात जागा देणारं मराठीत दुसरं कोण होतं? त्या वर्षाचा इतिहास आपण बंडाच्या अंगाने शिकतो. त्याच वर्षी एक तरुण मुलगा सासरघरच्या कोपऱ्यात बसवलेल्या बायकांची गाऱ्हाणी टिपत होता, हेही इतिहासातच आलं पाहिजे.

हे फक्त मराठीतच घडलं असंही नाही. बंगालीत हॅना मुलेन्सबाईंचं ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ १८५२ चं. तमिळमधली पहिली कादंबरी मानतात ती १८७९ ची, लेखक मायूरम वेदनायकम पिळ्ळै, कॅथलिक. कादंबरी हा प्रकार आपल्याकडे रुजला त्यात मिशनच्या छापखान्यांचा आणि देशी ख्रिस्ती लेखकांचा हात मोठा होता. कारण साधं आहे. छापखाना त्यांच्याकडे होता, आणि सामान्य माणसाला कळेल अशा गद्याची गरजही त्यांनाच होती. अहमदनगरहून अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होतं. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये तिथेच छापला गेला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. तिचं लिखाण छापायला पान मिळालं ते मात्र तिथे.

प्रेरणादायी पुस्तकांची परंपराही जुनी आहे. जॉन बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ चं. धर्मासाठी तुरुंगात गेलेल्या एका कल्हईवाल्याने ते लिहिलं. हरि केशवजींनी १८४१ मध्ये ते मराठीत ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आणलं. पाठीवर पापाचं ओझं घेतलेला माणूस दलदल, डोंगर, बाजार ओलांडत स्वर्गाच्या नगरीकडे चालतो. ज्या भाषेत शतकानुशतकं माणसं पंढरीला चालत गेली, त्या भाषेला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नव्हतं. ग्रुपवरच्या सात पावलांच्या पुस्तकांत आणि बन्यनमध्ये एक फरक मला मोठा वाटतो. बन्यनचा यात्रिक पुन्हा पुन्हा पडतो. ती पावलंवाली माणसं सहसा एकदाच पडतात, आणि तेही पहिल्या प्रकरणात.

आता इंग्रजीतल्या नव्या कादंबऱ्यांकडे येते, कारण आमच्या वयाचे ख्रिस्ती वाचक त्याच वाचतात. फ्रान्सिन रिव्हर्सची ‘रिडीमिंग लव्ह’ बायबलमधल्या होशेयाची गोष्ट कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेते. रात्रभर जागवणारी आहे, पण नायक इतका चांगला की त्याला साधी सर्दीही होणार नाही असं वाटतं. ‘द शॅक’ २००७ ची. मुलगी मारली गेलेला बाप एका झोपडीत देवाला भेटतो आणि बाप असलेला देव त्याला एका काळ्या बाईच्या रूपात दिसतो. पाळकांनी त्यावर खूप डोळे वटारले. मला तो भाग आवडला. नंतर मात्र देव जो समजावत बसतो तो थांबतच नाही. या सगळ्यांपेक्षा मेरिलिन रॉबिन्सनची ‘गिलियड’ (२००४) माझ्या जवळची. आयोवातल्या खेड्यातला म्हातारा पाळक आपल्या लहान मुलाला पत्र लिहितोय, कारण मुलगा मोठा होईपर्यंत आपण नसणार हे त्याला माहीत आहे. तिथे कुणी कुणाला पटवत नाही. पाळकाला मत्सर वाटतो, माफ करणं जमत नाही, आणि ते तो लिहून ठेवतो.

हे वाचताना ‘यमुनापर्यटन’ आणि ‘रिडीमिंग लव्ह’ मला एकाच खानदानातल्या वाटल्या. आमच्याकडे उपासनेत ‘साक्ष’ देतात. उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. साक्षीचा शेवट ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतो. मी अंधारात होते, आता उजेडात आहे. मधलं सगळं त्या शेवटाकडे पळत असतं. साक्षीला माझा विरोध नाही, माझी आजी अप्रतिम साक्ष द्यायची. पण आजी घरी येऊन भाकऱ्या थापताना त्याच गोष्टीचं जे सांगायची, कोण खोटं बोललं, कुणी पैसे बुडवले, देवावर ती स्वतः किती चिडली होती, ते साक्षीत कधीच नसायचं.

मराठी कादंबरीलाही हे मधलं सापडायला तीसेक वर्षं लागली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. नायिकेचं नाव पुन्हा यमुनाच, यमू. ही यमू स्वतःच बोलते. तिचं केशवपन होतं तेव्हा कुणी मिशनरी दारात उभा नसतो, सुटकाही होत नाही. आपटे ख्रिस्ती नव्हते, आणि मला त्यांची यमू पद्मनजींच्या यमुनेपेक्षा कितीतरी जिवंत वाटते, हे ख्रिस्ती वाचक म्हणून सांगायला मला काही अवघड वाटत नाही. पण पद्मनजींनी रस्ता पाडला नसता तर?

आणि मग तिसरी बाई. ही कादंबरीतली नाही, आमच्याच जिल्ह्यातली.

तिची गोष्ट सांगण्याआधी एक नांदगाव लागतं, ते आमचं नव्हे. आमचं नांदगाव जीआयपी रेल्वेवरचं. एकेकाळी वेरूळची लेणी बघणारे साहेब लोक इथे उतरून टांग्याने पुढे जायचे. दुसरं नांदगाव म्हणजे छत्तीसगडातलं संस्थान, राजधानी राजनांदगाव. १८९३ साली नारायण वामन टिळक नावाचे कवी नोकरीसाठी रेल्वेने तिकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांना आधी पुस्तक रुचलं नाही, पण शब्द दिला म्हणून पेन्सिलीने खुणा करत वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचले आणि अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका वाचकाचं आयुष्य पुस्तकाने बदललं, ही झाली साक्ष. आमच्या मंडळीत ती अनेकदा सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

पण त्या वाचकाला बायको होती. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचं वेड असं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जायचं. शाळा नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न. नवरा हुशार, तापट, लहरी, मायाळू, घरात पैसा न टिकवणारा. आणि एक दिवस तो ख्रिस्ती झाला. तिला न विचारता. पुढची जवळजवळ पाच वर्षं ती वेगळी राहिली. नवरा जिवंत आणि तरी विधवेसारखी वेळ. पद्मनजींच्या पुस्तकात धर्मांतराने बाईची सुटका होते. इथे धर्मांतरानेच बाईचं घर मोडलं. हे लिहायचं धाडस कुठल्याही प्रचारकाने केलं नसतं. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते लिहिलं, आणि हसवत हसवत लिहिलं.

पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं घेऊन परतल्या. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात वेगळी चूल. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच पटलं की जात देवाने केलेली नाही. आधी जात सुटली, धर्म नंतर. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्यात अनेकदा उलटं घडलं. धर्म बदलला आणि जात सोयरिकीच्या वेळी पुन्हा दारात येऊन बसली. मंडळीत हे कुणी मोठ्याने बोलत नाही. लक्ष्मीबाई बोलतात.

टिळक १९१९ मध्ये गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईने ते पुरं केलं, आणि त्यातले बहुतेक अध्याय तिचेच आहेत. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आलं, फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या नाशिकला वारल्या. विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला, सुहास जोशींनी त्यांचं काम केलं. मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत हे नाव सगळे घेतात. आमच्या पीडीएफच्या ग्रुपवर मात्र ते अजून एकदाही आलेलं नाही.

का, ते मला ठाऊक आहे. एका काकांना मी विचारलं तर म्हणाले, “चांगलं आहे गं, पण त्यातून आत्मिक बोध काय घेणार? टिळकांची किती थट्टा केलीय त्यात.” तर एकीकडे आम्हाला हे पुस्तक पुरेसं ख्रिस्ती वाटत नाही. दुसरीकडे कॉलेजात मला ऐकवलं जायचं, “तू ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलतेस!” फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत केलं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी ते छापलं. आणि २०१९ मध्ये, वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली तर फोनवरून धमक्या आल्या. ‘सुबोध बायबल’साठी २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला माणूस. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन झालं, ते अध्यक्ष म्हणून बोललेही. मी ते भाषण मोबाइलवर ऐकलं, पण त्याआधी खालच्या कॉमेंट्स वाचल्या होत्या. त्या लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांना ‘यमुनापर्यटन’चा तो एक मार्क नक्की मिळाला असेल.

वाचायचं असेल तर ‘स्मृतिचित्रे’ आधी घ्या. लेखिकेला जाऊन साठच्या वर वर्षं झाल्यामुळे मूळ पुस्तक आता सगळ्यांचं आहे, शोधलं तर मोबाइलवर मिळतं. प्रस्तावना नंतर वाचा. ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर. जुन्या वळणाचे अनुस्वार पाचेक पानं त्रास देतात, मग सवय होते. मी ग्रुपवर ‘स्मृतिचित्रे’ टाकून ठेवलंय. आतापर्यंत चार जणांनी हात जोडल्याचा इमोजी पाठवलाय, आणि त्या काकांच्या सुनेने रात्री साडेअकराला विचारलं, “ताई, मीठ धुतलं तर विरघळत नाही का गं?”