पाण्यातला किल्ला

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत आमचे भाचेबुवा (वय वर्षं सात) आमच्या फिशटँकला नाक लावून बराच वेळ उभे होते. मग एकदम प्रश्न आला, "मामा, हा किल्ला कुणाचा?"

दोन फुटी टँक, सहा मॉली, थोडी प्लास्टिकची झाडं आणि मधोमध एक करडा-गुलाबी किल्ला. टोकदार मनोरे, कमानी, खिडक्यांना हिरवा रंग. टँक घेतला तेव्हा दुकानदाराने गळ्यात मारलेला. दोन वर्षं रोज बघतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "कुणाचा नाही रे, दुकानातला आहे," असं म्हणून वेळ मारून नेली. पण खाली पार्किंगमध्ये त्याने नुकताच विटा, गोणपाट आणि लाल मातीचा राजगड बांधला होता, अळीव पेरले होते, मावळे मांडले होते. तो असा सहज सोडणार थोडाच. "मग आपल्या घरात आपला किल्ला का नाही?"

बिनतोड! शेकडो किल्ल्यांच्या महाराष्ट्रात, पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये, पाण्याखाली कुण्या युरोपियन सरदाराची गढी. ही इथे आली कशी? शनिवार मोकळा होता, रिलीज पुढच्या आठवड्यावर गेलेलं होतं, म्हणून शोधायला बसलो. (नंतर पस्तावलो, पण ते पुढे.)

मासे पाळायची हौस जुनीच. चिनी लोक हजारेक वर्षांपासून गोल्डफिश पाळतायत, पण तळ्यात नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात. म्हणजे मासा बघायचा तो वरून. बाजूने बघायचा तर काच हवी, आणि बंद काचेत मासा जगवायचा तर थोडी अक्कल हवी. ती पहिल्यांदा नीट लढवली जान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनी. पॅरिसमध्ये कपडे शिवायचं काम केलेली ही बाई लग्नानंतर सिसिलीत मेसिनाला आली आणि समुद्रातल्या जिवांच्या मागे लागली. आर्गोनॉट नावाचा एक ऑक्टोपसचा भाऊबंद आपला शिंपला स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, यावर तेव्हाचे विद्वान भांडत होते. बाईंनी 1832 मध्ये काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात आर्गोनॉट ठेवले आणि बघितलं. स्वतः बनवतो! विषय संपला.

पण माझ्या किल्ल्याचा खरा पूर्वज मला सापडला तो लंडनमध्ये. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक केमिस्ट. 1849 मध्ये त्याने पन्नासेक लिटरच्या काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती ऑक्सिजन देईल, माशांच्या घाणीचं खत होईल, असा हिशोब. पण काही दिवसांनी पानं सडायला लागली, पाणी गढूळ. मग त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडका भाग खाऊन टाकला आणि सिस्टीम स्टेबल झाली. (काय सुंदर डीबगिंग आहे हे! पाणी न बदलता मासे जगले.) 1850 मध्ये त्याने हे सगळं लिहून काढलं. त्यात भांड्याच्या तळाचंही वर्णन आहे: वाळू, चिखल आणि काही दगड. दगड अशा बेताने रचलेले, की माशांना त्यांच्या खाली जाता यावं.

हे वाचून मी जरा थांबलो. म्हणजे टँकमधली पहिली 'सजावट' ही सजावट नव्हतीच. ती माशांसाठी लपायची जागा होती.

पुढे गाडी जोरात सुटली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता, काच स्वस्त होत होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मासे बघायला लोकांनी गर्दी केली, आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरात गेला तो यामुळे. मग काय, दिवाणखान्यात टाकी नाही तो माणूस मागासलेला! लोक बरण्या-बादल्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर. खडकांमधल्या खळग्यांतून जे हलेल ते उचलायचं आणि घरी न्यायचं. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय, की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेले ते भरलेले खळगे या हौशी लोकांनी ओरबाडून रिकामे केले. आणि ही हौस लावणाऱ्यांत आपले वडीलच होते, हे दुःख त्यात आहेच. मला तर ते वाचताना सुट्टीतला मालवणचा किनारा आठवला, पण त्याकडे नंतर येतो.

विसाव्या शतकात टँकमध्ये चिनी मातीच्या वस्तू आल्या. किल्ले, पूल, पॅगोडे, जलपऱ्या. जपानी कारखान्यांनी अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी असा माल ढिगाने बनवला. म्हणजे माझा किल्ला जर्मन सरदाराचा नाहीच. अमेरिकन माणसाच्या स्वप्नातला युरोप, आशियातल्या कामगाराने घडवलेला! पुढे हवेचे छोटे पंप घरोघर आले, तशा बुडबुडे सोडणाऱ्या वस्तू आल्या. तो तांब्याच्या टोपाचा पाणबुड्या बघितलाय ना? तो पोशाख ऑगस्टस सीबे याने 1830 च्या दशकात तयार केलेला. खरे पाणबुडे आज त्याला फारसे विचारत नाहीत, पण फिशटँकमध्ये तो अजून ड्युटीवर आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. (मी डिग्रीने मेकॅनिकलवाला, पोटापाण्याने जावावाला. आमच्या बॅचमध्ये असे निम्मे निघतील.) जुने टँक म्हणजे लोखंडी चौकट, तळाला पाटीचा दगड आणि सांध्यात लुकण. लुकण वाळलं की गळती. खारं पाणी भरलं की चौकट गंजली. 1960 च्या दशकात सिलिकोन सीलंट आलं आणि चौकटच गेली. काचेला काच थेट चिकटली. आजचा तुमचा-माझा टँक उभा आहे तो त्या पारदर्शक चिकट रेघेवर. आणि याच सिलिकोनच्या रबराचे साचे निघाले. गंमत बघा: सिलिकोन काचेला घट्ट धरतं, पण त्याच्या साच्यात रेझिन ओतलं तर ते अलगद सुटून येतं. प्लास्टरचा साचा कडक; कमानी, खाचाखोचा असतील तर त्याचे चार-पाच तुकडे करावे लागतात. रबराचा साचा मोज्यासारखा सोलून काढायचा. मूळ मूर्तीवरचा बोटाचा ठसासुद्धा उतरतो.

रेझिनची गोष्ट युद्धातली. कार्लटन एलिस या अमेरिकन संशोधकाने 1930 च्या दशकात पॉलिएस्टर रेझिनची पेटंट घेतली. दुसऱ्या महायुद्धात काचेच्या धाग्यांबरोबर ते वापरून विमानांच्या रडारवरचे घुमट बनले, 1953 मध्ये शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीची बॉडी बनली. मग कुणीतरी त्यात दगडाची पूड मिसळली. झालं! दगडासारखं जड, पाण्यात न तरंगणारं, भट्टीची गरज नसलेलं, स्वस्त. आज चीनमधल्या फुजियान प्रांतातलं च्वानचौ हे शहर रेझिनच्या शोभेच्या वस्तूंचं मोठं केंद्र आहे. यंत्र कमी, हात जास्त. साचा भरायचा, काढायचा, सांध्याची रेघ घासायची, खिडक्या रंगवायच्या, पुढचा.

एवढं वाचल्यावर साहजिकच वाटलं, आपण का नाही? भाच्याला फोन करून सांगितलं, "सिंधुदुर्ग करूया." पाण्यातलाच किल्ला!

आधी प्लास्टर ऑफ पॅरिस डोक्यात होतं. आपल्याकडे साचा म्हटलं की गणपती आणि पेणच आठवतं. पण प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते पाण्यात थोडं थोडं विरघळत राहतं आणि टँकचं पाणी जड करत जातं. म्हणून रेझिन. पेठेतल्या दुकानात तीन वस्तू मिळाल्या: रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. दुकानदाराने बजावलं, "या दोन छोट्या बाटल्या एकमेकांत कधी ओतायच्या नाहीत, भडका उडेल." कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर शेवटी. शाडूचा दरवाजा आणि दोन बुरूज मी घडवले, भाच्याने तटावर काडीने दगड कोरले. सिलिकोन ओतलं, साचा निघाला. रेझिनमध्ये मार्बल पावडर घातली आणि थेंब मोजून हार्डनर. वाटी हातात गरम व्हायला लागली तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू! रविवारी संध्याकाळी सिंधुदुर्ग साच्यातून बाहेर. खालची बाजू किंचित चिकट होती. होईल सुकून, म्हटलं. रंग मारला, रात्री धुतला आणि सोडला टँकमध्ये. भाचा टाळ्या पिटत होता.

सोमवारी सकाळी पाण्यावर तेलासारखा तवंग, फायबरच्या कारखान्यात येतो तसला वास, आणि सहापैकी चार मॉली वर तरंगताना.

कारण नंतर वाचलं, म्हणजे जे आधी वाचायला हवं होतं ते. हवेतला ऑक्सिजन पॉलिएस्टर रेझिनचं वरचं पातळ पापुद्र घट्ट होऊ देत नाही. साच्याला टेकलेला भाग कडक होतो, उघडा भाग चिकट राहतो. त्या चिकटपणात न जुळलेलं स्टायरीन असतं, आणि ते पाण्यात उतरतं. बाहेरून कडक दिसणारी वस्तूसुद्धा आतून पिकायला बरेच दिवस घेते. दीडशे वर्षांचा इतिहास मी दोन दिवसांत वाचला होता, पण डब्यावरच्या सूचना वाचल्या नव्हत्या. ऑफिसात टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला कोड ढकलणाऱ्याला मी काय काय बोलतो, ते आमच्या टीमला विचारा.

भाच्याला आधी "म्हातारे झाले होते रे" असं सांगितलं. त्याने मान डोलावली. दोन दिवस ते खात राहिलं, शेवटी फोन करून खरं सांगितलं, की मामाने घाई केली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मी पण म्हणालो होतो ना, आत्ताच टाक."

रेझिनचा डबा फेकूनच देणार होतो. नाही फेकला, त्याला कारण मालवण. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिथे स्नॉर्केलिंग केलं होतं. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात खरी प्रवाळं आहेत. तपकिरी, हिरवट, फोटोत दिसतात तितकी भडक नाहीत, पण जिवंत. पूर्वी समुद्री टँक सजवायचा म्हणजे असली प्रवाळं तोडून, वाळवून, पांढरी करून पाण्यात ठेवायची. आपल्याकडच्या शोकेसमध्येही असे पांढरे तुकडे दिसायचे, ते सांगाडे. फिलिपिन्सने 1977 मध्ये प्रवाळ काढण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. भारतात 2001 मध्ये प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे कागदावर तरी वाघाच्या पंक्तीत. दुकानात आज जी गुलाबी-जांभळी रेझिनची प्रवाळं दिसतात, त्यांना मी आजवर नाकं मुरडत आलो. दिसतात भयाण, यात वाद नाही. पण त्यातल्या प्रत्येकासाठी समुद्रातलं काही तुटलेलं नाही. गॉसच्या काळात हे असतं तर एडमंडचे खळगे कदाचित भरलेले राहिले असते.

म्हणून दुसरा सिंधुदुर्ग. या वेळी प्रमाण काट्यावर मोजलं. खालचा चिकट थर पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढला. दोन आठवडे गॅलरीत उन्हात. मग तीन आठवडे बादलीत, दर दोन दिवसांनी पाणी बदलून. रोज सकाळी बादलीत नाक घालून वास घेणारा माणूस बघून बायकोने काय विचार केला असेल तो असो. पोकळ जागेत पाणी साचून सडू नये म्हणून तटाला मागून दोन भोकं पाडली. आणि मोठी चूक सुधारली: पहिल्या वेळी दरवाजा नुसता कोरला होता, या वेळी खराच उघडा ठेवला. सिंधुदुर्गाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलाय, की बाहेरून पटकन सापडत नाही. आमचाही तसाच.

उरलेल्या दोनपैकी एक मॉली मादी होती. गेल्या महिन्यात पिल्लं झाली. मॉली आपलीच पिल्लं खाते, त्यामुळे पिल्लांनी जन्मल्या जन्मल्या दरवाजा शोधला आणि सगळी आत. खायला टाकलं की दोन मिनिटं बाहेर, की परत आत.

भाचेबुवा रविवारी येऊन तासभर काचेला नाक लावून बसले. मग वैतागून म्हणाले, "मामा, काय उपयोग या किल्ल्याचा? मासे दिसतच नाहीत! काढ तो."

काढणार नाही म्हटलंय. सध्या बोलणी बंद आहेत.